मंद वाऱ्याचे अवघड माप

पनवेल-उरण पट्ट्यातील जासई हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते लोकनेते दि. बा. पाटील यांचे गाव म्हणून आणि जानेवारी १९८४ मधील शेतकरी आंदोलनामुळे. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले आणि त्यानंतर या परिसरातील मिठागरे व भातखाचरे मागे सरून त्यांच्या जागी गोदामे, कंटेनर यार्ड आणि रुंद रस्ते आले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून समुद्र ओलांडून येणारा अटल सेतू शेजारच्या चिर्ले गावाजवळ उतरला. वाऱ्याचा क्रम मात्र जुनाच आहे. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन थंड झाली की जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. हिवाळ्यात हे मतलई वारे क्षीण असतात, आणि पहाटेपासून उन्हे चढेपर्यंत हवा जवळजवळ थांबल्यासारखी होते. अवजड वाहनांनी उडविलेली धूळ आणि डिझेलचा धूर त्या वेळी जमिनीलगत रेंगाळतो. अशा तासापुढे हवामानाच्या नोंदीत बहुधा 'शांत' एवढाच शब्द पडतो. हा शब्द वाऱ्याविषयी काही सांगतो की वारा मोजणाऱ्या यंत्राविषयी, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे.

बोफर्ट मापश्रेणीत सेकंदाला ०.३ मीटरपेक्षा कमी वेगाच्या हवेला शून्य अंक दिलेला आहे: धूर सरळ वर जातो, ही तिची खूण. विमानतळावरील हवामानवृत्तात एक नॉटपेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरपेक्षा, कमी वारा 'शांत' समजला जातो. वैमानिकाच्या दृष्टीने ते ठीकच आहे. अर्ध्या मीटरच्या वाऱ्याने विमानाचे काही बिघडत नाही. पण धूर, वायू, धूळ आणि जंतू यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टापू हाच आहे. धुराड्यातून बाहेर पडलेले प्रदूषक किती पातळ होईल, हे काढण्याच्या नेहमीच्या सूत्रात वाऱ्याचा वेग भागाकारात असतो. वेग निम्मा झाला की प्रमाण दुप्पट होते. वेग शून्य धरला तर सूत्र अनंत असे उत्तर देते आणि निरुपयोगी ठरते. म्हणूनच अमेरिकेत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या एका प्रदूषण-प्रारूपात सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी असलेला वेग सरळ एक मीटर मानला जाई. गणित सुटत असे, परंतु ज्या तासांत माणसांना सर्वाधिक त्रास व्हायचा, नेमके त्याच तासांचे चित्र सौम्य होऊन समोर येई. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा बिघडली तेव्हाही मंदावलेल्या वाऱ्यांकडे बोट दाखविले गेले.

कोणत्याही मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालात जागेवरच्या वाऱ्याची निदान एका ऋतूची नोंद आणि तिच्यावरून काढलेली विंड रोझ ही आकृती द्यावी लागते. आकृतीच्या मध्यभागी 'शांत' तासांची टक्केवारी लिहिलेली असते. वाट्यांच्या वायुवेगमापकाच्या वाट्या फिरू लागण्यासाठी वाऱ्याला आधी धारव्यातील (बेअरिंगमधील) घर्षणावर मात करावी लागते. हा आरंभवेग हलक्या, नव्या यंत्रात सेकंदाला ०.३ ते ०.५ मीटर असतो. जड बांधणीच्या यंत्रात एक मीटर किंवा त्याहून अधिक. खाडीकाठची खारट हवा आणि रस्त्यावरची बारीक धूळ धारव्यात शिरली की तो आणखी वाढतो. यंत्र मोडत नाही, बंदही पडत नाही. भर दुपारच्या वाऱ्यात ते पूर्वीसारखेच फिरते. फक्त पहाटेचे 'शांत' तास वाढू लागतात. आकृतीतील ही टक्केवारी वाचताना यंत्राचा आरंभवेग आणि त्याच्या शेवटच्या तपासणीची तारीख विचारली पाहिजे. बहुतेक वाचक ती विचारत नाहीत.

मंद वारा मोजणे अवघड का, याचे मूळ एका साध्या वर्गात आहे. वाहत्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा सुमारे ६० पास्कल दाब देतो. १ मीटरचा वारा ०.६ पास्कल, अर्ध्या मीटरचा केवळ ०.१५ पास्कल. पाण्याच्या स्तंभाच्या भाषेत हा शेवटचा आकडा मिलिमीटरच्या दीडशतांशाएवढा होतो. दुसऱ्या रीतीने सांगायचे तर, माणूस सव्वा सेंटिमीटर उंच सरकला तरी वातावरणाचा दाब तेवढाच बदलतो. आंरी पितो यांनी १७३२ साली नदीच्या प्रवाहासाठी योजलेली नळी आजही विमानाचा वेग सांगते, वातानुकूलनाच्या मुख्य नळातील हवा मोजते. पण अर्ध्या मीटरच्या झुळुकीपुढे ती मुकी होते. वेग विसाव्या हिश्श्यावर आला की दाब चारशेव्या हिश्श्यावर येतो, आणि मोजणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

अंशशोधन, म्हणजे कारखान्यांच्या बोलीत कॅलिब्रेशन, याचा अर्थ यंत्र दुरुस्त करणे असा नव्हे. ज्याचे खरे मूल्य दुसऱ्या, अधिक विश्वसनीय मार्गाने ठाऊक आहे अशा वाऱ्यात यंत्र ठेवायचे आणि ते किती दाखविते ते लिहून ठेवायचे, एवढेच ते काम. अडचण अशी की खरे मूल्य ठाऊक असलेला मंद वारा आणायचा कोठून?

या प्रश्नाला दीडशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेचे टॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ साली चार अर्धगोल वाट्यांचा वायुवेगमापक प्रसिद्ध केला. वाट्यांचा आकार काहीही असो, वारा त्यांच्या तिप्पट वेगाने वाहत असतो, अशी त्यांची समजूत होती. हा तीनचा गुणक जगभर वापरला गेला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारलेल्या कुलाबा वेधशाळेचे अधीक्षक चार्ल्स चेंबर्स यांचा मुंबई इलाख्याच्या हवामानावरील ग्रंथ १८७८ साली निघाला, तो याच काळातला. (या वेधशाळेच्या चुंबकीय शाखेने विजेच्या ट्रामच्या उपद्रवामुळे १९०४ साली अलिबाग गाठले, तिचा वारसा सांगणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे.) पुढे १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री डाइन्स यांनी एका लांब फिरत्या भुजेच्या टोकावर वायुवेगमापक बसवून ती भुजा ठरावीक गतीने फिरविली. स्थिर हवेत यंत्रच फिरविले की यंत्राला जाणवणारा वारा अंतर आणि वेळ यांवरून कळतो, ही कल्पना सुरेख होती. मोठ्या नमुन्याच्या यंत्रासाठी गुणक तीन नसून सुमारे २.२ आहे, असे निघाले. म्हणजे तीनच्या गुणकाने केलेल्या नोंदी सुमारे एकतृतीयांशाने फुगलेल्या होत्या. न तपासलेला एक आकडा चार दशके शास्त्रीय नोंदींत निर्धास्त वावरू शकतो, हे या प्रकरणावरून दिसले.

फिरत्या भुजेचा एक दोष तिच्यातच दडलेला आहे. ती फिरू लागली की हवेलाही आपल्या मागे फरफटत नेते, आणि दुसऱ्या फेरीपासून यंत्राला 'स्थिर' हवा मिळतच नाही. वेग मोठा असेल तर ही चूक दुरुस्त करून घेता येते. मंद वेगात मात्र लहानशी फरफटही जड जाते. म्हणून काही ठिकाणी लांब बंदिस्त दालनात रुळांवरून सरकणाऱ्या गाड्यावर यंत्र बसवून ते एकदाच, सरळ रेषेत नेले जाते. मोजपट्टी आणि घड्याळ एवढ्या दोनच गोष्टींवर भिस्त असल्याने ही पद्धत मनाला पटते. पण दालनातील हवा पुन्हा निवायला प्रत्येक फेरीनंतर थांबावे लागते.

नेहमीचे काम वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये होते. तेथे मंद वेगासाठी एक जुनी युक्ती आहे. यंत्र रुंद कक्षात ठेवायचे आणि तीच हवा पुढे एका अरुंद तोंडातून जाऊ द्यायची. तोंडाचे क्षेत्रफळ कक्षाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढे असेल, तर कक्षात ०.४ मीटरने सरकणारी हवा तोंडातून १० मीटरच्या वेगाने जाते. तिचा ६० पास्कलचा दाब बिनचूक मोजता येतो, आणि त्यावरून निघालेल्या वेगाला क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने भागले की कक्षातील वेग मिळतो. मात्र कक्षातील प्रवाह सर्वत्र सारखा आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. आणि मोजायचे यंत्रच कक्षाचा मोठा भाग अडवीत असेल तर त्याच्या बाजूने हवा अधिक वेगाने निघते, याचाही हिशेब धरावा लागतो.

दुसरी युक्ती अधिक मनोरम आहे. वाऱ्यात बारीक गोल काडी आडवी धरली की तिच्यामागे डावी-उजवीकडे आळीपाळीने भोवरे सुटतात. अनातोल रोश्को यांनी १९५४ साली या भोवऱ्यांची वारंवारिता आणि वेग यांचे नाते प्रयोगाने बांधून दिले. त्या नात्यानुसार दोन मिलिमीटर जाडीच्या काडीमागे अर्ध्या मीटरच्या वाऱ्यात सेकंदाला सुमारे ३६ आवर्तने होतात. दाब मोजण्याऐवजी ठोके मोजायचे, आणि ठोके मोजण्यात तर माणूस फार पूर्वीपासून तरबेज आहे. वेग फारच उतरला की भोवरे सुटणे थांबते. मग अधिक जाड काडी घ्यायची.

आजच्या मोठ्या प्रयोगशाळांत अखेरचा शब्द लेसरचा असतो. एकाच लेसरचे दोन झोत लहान कोनात छेदले की छेदनाच्या जागी उजेड-अंधाराचे समांतर पट्टे तयार होतात. तांबडा हेलियम-निऑन लेसर आणि १० अंशांचा कोन घेतला, तर दोन पट्ट्यांमधील अंतर ३.६ मायक्रोमीटरच्या आसपास येते. हवेत सोडलेल्या धुराचा कण त्यातून जाताना लुकलुकतो. कण अर्ध्या मीटरच्या वेगाने जात असेल तर ही लुकलुक सेकंदाला सुमारे एक लाख अडतीस हजार वेळा होते. वाऱ्यात काहीही अडथळा न घालता त्याचा वेग कळतो. आणि हा लेसर स्वतः कशावर तपासायचा? ठरावीक गतीने फिरणाऱ्या, काठ नेमका मोजलेल्या चकतीवर. फिरून गाडी मोजपट्टी आणि घड्याळाशीच येते.

भारतात या मापांच्या साखळीचे वरचे टोक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. हवेच्या वेगाचे अंशशोधन केरळातील पालक्काड येथील फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट करते; हवामान विभागाच्या पुणे कार्यालयात वेधशाळांची यंत्रे विंड टनेलमध्ये तपासली जातात; आणि नॅबल या मान्यता मंडळाच्या मान्यतेने चालणाऱ्या खासगी प्रयोगशाळा मुंबई-पुणे परिसरातही आहेत. प्रमाणपत्र मिळणे आता कठीण राहिलेले नाही. ते वाचणे कठीण आहे.

प्रमाणपत्रात बहुधा सेकंदाला २, ५, १०, १५ मीटर अशा वेगांपुढे यंत्राची चूक दिलेली असते. या आकड्यांवरून रेघ खाली ओढून अर्ध्या मीटरचाही भरवसा गृहीत धरला जातो, आणि खरी गफलत येथेच होते. १० मीटरच्या वाऱ्यात ०.१ मीटरची चूक म्हणजे एक टक्का. तीच चूक अर्ध्या मीटरच्या वाऱ्यात वीस टक्के ठरते. शिवाय खालच्या टोकाला यंत्राचे वागणे सरळ रेघेत राहतच नाही. पंख्याच्या पात्यांचे यंत्र घर्षणामुळे अडखळते. तापविलेल्या तारेचे यंत्र, ज्याचे गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ साली मांडले, घर्षणमुक्त असल्याने मंद वाऱ्यासाठी वापरले जाते. पण वेग सेकंदाला ०.१-०.२ मीटरच्या खाली गेला की तारेच्या उष्णतेनेच वर चढणारी हवा मोजली जाऊ लागते. यंत्र स्वतःच निर्माण केलेला वारा निष्ठेने नोंदविते. जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरूनही अशीच उबदार हवा सेकंदाला ०.२ मीटरच्या आसपास वर जात असते. म्हणून अशा तपासणीत तंत्रज्ञाने बोगद्यापासून दूर बसायचे, वातानुकूलन यंत्राचा झोत तिकडे येऊ द्यायचा नाही, असे नियम असतात.

कोकणपट्टीला लागू पडणारी आणखी एक बाब आहे. तप्त तार खरे तर वेग मोजत नाही. तिच्यावरून दर सेकंदाला किती वजनाची हवा गेली, हे तिला कळते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि तेथील हवा, तापमान सारखे धरले तरी, जासईच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ आहे. पुण्यात अंशशोधन केलेले यंत्र कोणतीही दुरुस्ती न करता जासईत वापरले, तर ते वेग तेवढाच वाढवून दाखवील. चूक लहान आहे. पण तिची दिशा वाईट आहे, कारण वायुवीजन आहे त्यापेक्षा चांगले भासते. म्हणून अंशशोधन हवेच्या कोणत्या दाबाला आणि तापमानाला झाले, ही प्रमाणपत्रातील बारीक अक्षरातली ओळ आधी वाचावी लागते.

या दशांशांवर कोणाचे काय अवलंबून आहे, हे कारखान्याच्या आत शिरले की समजते. १९६३ च्या महाराष्ट्र कारखाने नियमांत कामाच्या खोलीतील ओल्या फडक्याच्या उष्णतामापीवरील तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये आणि हवेची हालचाल मिनिटाला निदान ३० मीटर असावी, असा दंडक घातला गेला. मिनिटाला ३० मीटर म्हणजे सेकंदाला बरोबर अर्धा मीटर. ज्या अधिनियमाखाली हे नियम झाले, त्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक नव्या संहितेने घेतली आहे. घामाचे भौतिकशास्त्र मात्र तेच आहे. कोकणातल्या मे महिन्याच्या दमट हवेत अंगावरचा घाम वाळतो तो या अर्ध्या मीटरमुळे. ०.३ मीटरची हवा ०.५ दाखविणारे यंत्र तपासनिसाच्या हाती असेल, तर कागदावर दंडक पाळला जातो आणि कामगार उकडत राहतो.

टाकीतून उडणाऱ्या द्रावकाची वाफ शोषून घेणाऱ्या पंख्याच्या तोंडाने, वाफ निघते त्या जागी, सेकंदाला पाव ते अर्धा मीटर वेग राखावा, असा औद्योगिक आरोग्यशास्त्राचा प्रचलित आडाखा आहे. रासायनिक प्रयोगशाळेतील धूरकपाटाच्या तोंडाशीही अर्ध्या मीटरच्या आसपासचा वेग धरला जातो. तळोजा आणि पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्यांत अशी तोंडे किती असतील, याचा अंदाज कोणीही बांधावा. तेथे वेग कमी पडला तर वाफ थेट माणसाच्या नाकाशी येते. गंमत अशी की वेग फार वाढविला तरीही तेच होते, कारण समोर उभ्या माणसाभोवती भोवरे उठतात आणि कपाटातला वायू बाहेर ओढला जातो. इंजेक्शने आणि लसी भरण्याच्या निर्जंतुक कक्षांत एका दिशेने सरकणाऱ्या हवेचा वेग ०.३६ ते ०.५४ मीटर असावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. या दोन आकड्यांमधले अंतर ०.१८ मीटर. यंत्राचीच अनिश्चितता ०.१ मीटर असेल, तर त्या अंतरातील बराचसा भाग यंत्रच खाऊन टाकते.

जुन्या काळी कापडगिरण्या आणि खाणींत याच कामासाठी लिओनार्ड हिल यांचा काटा उष्णतामापी वापरात होता. त्याच्या नावाचा आपल्या काट्याशी संबंध नाही. 'खाली' अशा अर्थाचा तो ग्रीक शब्द आहे. मोठ्या फुग्याचा हा उष्णतामापी गरम पाण्यात तापवून पुसायचा, हवेत धरायचा आणि १०० अंश फॅरनहाइटवरून ९५ वर उतरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचे. वेळ कमी लागला तर हवा अधिक खेळती. फिरणारा भाग नसल्याने घर्षणाची कटकट नव्हती, दिशेची अट नव्हती, वीजही लागत नव्हती. प्रत्येक उष्णतामापीचा गुणांक मात्र वेगळा काढून त्याच्या काचेवर कोरलेला असे. अंशशोधन यंत्राच्या अंगावरच लिहिलेले असण्याची ही पद्धत आजच्या आकडे उजळणाऱ्या यंत्रांनाही शोभली असती.

आणि उदबत्ती? अनेक प्रयोगशाळांत धूरकपाटासमोर आजही धुराची नळी किंवा सरळ उदबत्ती धरून पाहिली जाते. ती वेगाचा आकडा देत नाही, पण हवा आत जाते आहे की बाहेर येते आहे, हे दाखविते, आणि साधी तप्त तार नेमके तेच सांगू शकत नाही. आत वाहणारा ०.४ मीटर आणि बाहेर येणारा ०.४ मीटर तिच्या लेखी एकच. आकडा पटला तरी धूर पाहिल्याशिवाय शेरा मारू नये, हा जाणत्या तपासनिसांचा शिरस्ता त्यातूनच आला आहे.

खुल्या हवेतील नोंदींसाठी आता ध्वनितरंगांवर चालणारी, कोणताही फिरता भाग नसलेली यंत्रे आली आहेत. दोन टोकांमध्ये आवाजाला जाताना आणि येताना लागणाऱ्या वेळेतील फरकावरून ती वेग काढतात, त्यामुळे 'आरंभवेग' ही कल्पनाच गळून पडते. तरीही शून्याची तपासणी त्यांनाही चुकत नाही: यंत्रावर बंद पेटी चढवून, आतली हवा निवू देऊन, ते खरोखर शून्य दाखविते का ते पाहायचे. वाट्यांच्या यंत्राबाबत धारवा हाताने सावकाश फिरवून तो अडखळतो का, हे पाहणे एवढी चाचणी तर जागेवरही होते, आणि खाडीकाठी ती पावसाळा संपताच, मतलई वाऱ्यांचे दिवस सुरू होण्यापूर्वी करून घेणे उपयोगाचे असते.